नजर देण्याचा सराव घेणारी ॲप्स

बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहण्याची सवय मुलांना लावू पाहणारी फोन-टॅबवरील ॲप्स. ती मुख्यतः स्वमग्न मुलांसाठी बनवली जातात. ‘मूल नजरच देत नाही’ ही पालकांची तक्रार बऱ्याचदा निदानाच्या आधीपासूनची असते. वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले, की पुढे स्वमग्नतेचे निदान झालेल्या बाळांचे डोळ्यांकडे पाहणे सुरुवातीपासून कमी नव्हते. ते दोन ते सहा महिन्यांच्या वयात घटत गेले.

फिझब्रेनच्या ‘लुक इन माय आइज’मध्ये पडद्यावर एक चेहरा येतो, त्याच्या डोळ्यांत क्षणभर आकडा चमकतो आणि विझतो. तो कोणता होता, हे मुलाने ओळखायचे. ओळखला की बक्षीस. ओठांकडे किंवा कानाकडे पाहत राहिलेल्या मुलाच्या हातून आकडा निसटतो. युक्ती नामी आहे, पण मूल डोळे पाहते की आकडा, हा प्रश्न उरतोच. शिवाय हा चेहरा उलट पाहत नाही, रागावत नाही, मान वळवत नाही.

सॅमसंगच्या ‘लुक ॲट मी’ने (२०१४) मात्र कॅमेरा आणि पालक दोघांनाही खेळात घेतले. सोल नॅशनल विद्यापीठाचे बुंदांग रुग्णालय आणि योन्से विद्यापीठ यांच्या मदतीने ते तयार झाले. चेहरे ओळखणे, हावभाव करून फोटो काढणे असे खेळ रोज सुमारे १५ मिनिटे खेळायचे. २० मुलांवर आठ आठवडे चाचणी झाली आणि ६० टक्के मुले नजर देण्यात सुधारली, असे कंपनीने सांगितले. टक्के बाजूला ठेवले तर मुले भरतात बारा.

स्टॅनफर्डमधील ‘सुपरपॉवर ग्लास’ने टॅबच बाजूला ठेवला. गूगल ग्लास हा चष्मा घातलेले मूल आईकडे पाहते. चष्म्याचा कॅमेरा तिचा चेहरा टिपतो, फोनमधील ॲप भाव ओळखते आणि हसऱ्या-रडक्या चेहऱ्याची खूण डोळ्यांपुढे उमटते. सराव खऱ्या माणसाशी, हेच याचे बळ. ६ ते १२ वर्षांच्या ७१ मुलांच्या, तुलनागट असलेल्या चाचणीत (२०१९) सामाजिक वर्तनात सुधारणा आढळली. मात्र तिथे केवळ नजर मोजलेली नव्हती.

मूळ हेतूवरचा आक्षेप अधिक गंभीर आहे. नजर देताना अंगावर काटा येतो, बोलणे ऐकूच येत नाही, असे अनेक स्वमग्न प्रौढ सांगतात. नूशीन हाजिखानी आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात डोळ्यांकडे पाहणे भाग पाडल्यावर स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूतील भावनांशी निगडित खोल भाग जास्त उत्तेजित झालेले दिसले. मोठ्यांच्या नजरेला नजर भिडवणे आपल्याकडे उद्धटपणाचेच मानले जात आले, तेव्हा नजरेचे एकच माप सगळ्या मुलांना लावणे मुळातच अवघड. म्हणून काही थेरपिस्ट नजरेचा हट्ट सोडून मुलाने खेळणे उचलून दाखवणे, बोटाच्या दिशेने पाहणे यांवर भर देतात. अशा सरावात ॲपपेक्षा जमिनीवर मुलाशेजारी बसलेला माणूसच जास्त लागतो.