ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम: कॅज्युअल खेळ, हार्डकोअर खेळ आणि आजार

मुलगा किंवा मुलगी रोज चार-पाच तास एकाच ऑनलाइन गेममध्ये असेल, तर घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, दिवसाला किती तास चालतील?" प्रश्न रास्त आहे. पण गेमिंगच्या आजाराचे निदान तासांवरून होत नाही. जास्त खेळणारा प्रत्येक जण आजारी नसतो आणि कमी खेळणारा प्रत्येक जण ठीक असतोच असे नाही. हा फरक कसा ओळखायचा, ते या लेखात पाहू.

हे गेम वेगळे का आहेत?

बीजीएमआय किंवा फ्री फायरची एक मॅच साधारण अर्ध्या तासाच्या आत संपते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट', 'फायनल फँटसी १४', 'ओल्ड स्कूल रूनस्केप' यांसारख्या गेममध्ये, ज्यांना खेळाडू 'एमएमओ' म्हणतात, मॅच अशी नसतेच. खेळाडू एक पात्र घडवतो आणि महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे ते वाढवत राहतो. तो झोपला तरी सर्व्हरवरचे जग चालूच असते. पॉझचे बटण नसते आणि गेम 'संपत'ही नाही.

कॅज्युअल खेळाडू जमेल तेव्हा येतो, थोडी कथा पुढे नेतो, गेममधल्या तळ्यावर मासे पकडतो, मित्रांशी गप्पा मारून बाहेर पडतो. हार्डकोअर खेळाडू बहुधा एखाद्या गिल्डचा, म्हणजे खेळाडूंच्या संघाचा सदस्य असतो. आठवड्यातले ठरलेले दिवस 'रेड' असते. म्हणजे सगळ्यांनी एकत्र येऊन मोठ्या शत्रूशी लढायचे, तीन-चार तास. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ मध्ये आला, तेव्हा मोठ्या रेडला ४० जण लागत. आता सर्वांत अवघड पातळीला २० लागतात. एक जण अचानक उठला तर उरलेले १९ खोळंबतात. "दोन मिनिटांत येतो" म्हणणारा मुलगा तासभर हलत नाही, याचे कारण अनेकदा हे असते. तो उद्धटपणा करत असेलच असे नाही.

भारतात आणखी एक अडचण येते. तुमचा मुलगा युरोपातल्या गिल्डमध्ये असेल आणि तिथे रेड रात्री आठला सुरू होत असेल, तर हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात. उन्हाळ्यात साडेअकरा. रेड संपेपर्यंत पहाटेचे तीन-साडेतीन, आणि सातला कॉलेजची बस. ही झोपमोड व्यसनातून आलेली नसून वेळापत्रकातून आलेली असू शकते. हे कळले की उपायही वेगळा सुचतो. जपानी सर्व्हरवरची रात्री आठची रेड आपल्याकडे दुपारी साडेचारला असते, किंवा फक्त शनिवार-रविवारी खेळणारे गिल्डही सापडतात.

(एक जाता जाता: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या जुन्या आवृत्तीत २०२३ पासून 'हार्डकोअर' नावाचे वेगळे सर्व्हर आहेत. तिथे पात्र एकदा मेले की कायमचे गेले. मुलाने "मी हार्डकोअर खेळतो" म्हटले, तर आधी त्याला यातले काय म्हणायचे आहे ते विचारा.)

वेड आणि आजार यांतली रेषा

जॉन चार्ल्टन आणि इयान डॅनफोर्थ या संशोधकांनी 'अ‍ॅशरन्स कॉल' या एमएमओच्या खेळाडूंचा अभ्यास करून २००७ मध्ये एक उपयोगी भेद मांडला. सतत गेमचा विचार मनात येणे, खेळताना चढ आल्यासारखे वाटणे, हळूहळू जास्त वेळ लागणे ही लक्षणे मनापासून खेळणाऱ्या, पण आयुष्य नीट चाललेल्या लोकांमध्येही दिसतात. क्रिकेटवेड्या मुलात किंवा रियाजात बुडालेल्या गायकातही ती दिसतील. व्यसनाकडे जास्त स्पष्ट बोट दाखवणारी लक्षणे वेगळी आहेत: गेममुळे घरी, अभ्यासात, कामात सतत तंटे होणे; खेळता आले नाही की बेचैनी आणि चिडचिड; कमी करायचे ठरवून पुन्हा पुन्हा तिथेच परतणे; आणि दिवसाची सगळी आखणी गेमभोवतीच फिरणे.

जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याही याच अंगाने जाते. 'गेमिंग डिसऑर्डर' हे निदान आयसीडी-११ मध्ये आहे आणि ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर आवडी आणि रोजच्या कामांपेक्षा गेमला वरचे स्थान मिळत जाणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणे किंवा वाढणे, अशा तीन गोष्टी एकत्र पाहिल्या जातात. सोबत शिक्षण, नोकरी, नाती किंवा तब्येत यांत ठळक हानी हवी आणि हे साधारण १२ महिने चाललेले असावे. लक्षणे तीव्र असतील तर त्याआधीही निदान करता येते. या व्याख्येत तासांचा आकडा कुठेही नाही.

म्हणून मी घरच्यांना वेगळे प्रश्न विचारतो. परीक्षेच्या आठवड्यात त्याने स्वतःहून रेड सोडली का? जवळच्या मित्राच्या लग्नाला गेला का? आंघोळ, जेवण वेळेवर होते का? गेमबद्दल खोटे बोलतो का? आठवड्याला २५ तास खेळणारी, नोकरी सांभाळणारी, गरज पडली की सुट्टी घेणारी व्यक्ती हार्डकोअर आहे, रुग्ण नाही.

'मी फक्त कॅज्युअल खेळतो'

हे वाक्य ऐकून निश्चिंत होऊ नका. काही गेममध्ये 'डेली' म्हणजे रोजची छोटी कामे असतात. एक दिवस चुकला की बक्षीस जाते. वेळ थोडाच लागतो, पण सुटता येत नाही. काही गेम पैसे घेऊन बंद पेटी विकतात, आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा सशुल्क पेट्या जुगारात धरल्या. दिवसाला अर्धा तास खेळणाऱ्याने आईच्या यूपीआयवरून हजारो रुपये उडवले असतील, तर तासांची वही पाहून ते कळणार नाही. बँकेचे स्टेटमेंट पाहा.

आणि का खेळतो, हेही पाहा. मित्रांसाठी, जिंकण्यासाठी, कथेसाठी खेळणे वेगळे आणि बाहेरचे काही सहन होत नाही म्हणून तिथे लपणे वेगळे. अशा लपण्यामागे नैराश्य, लोकांत मिसळण्याची भीती, एडीएचडी किंवा शाळेतला छळ असू शकतो. मूळ त्रासावर उपचार झाले की बऱ्याचदा गेमचा जोरही ओसरतो. नुसता राउटर बंद केल्याने तो त्रास जागच्या जागी राहतो.

याची दुसरी बाजूही डॉक्टरांनी विसरू नये. नॉर्वेचा मॅट्स स्टीन हा ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेला तरुण वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये बराच काळ घालवत असे. २०१४ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी तो गेला. मुलगा एकाकी होता अशीच आई-वडिलांची समजूत होती. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली, तेव्हा युरोपातल्या अनेक खेळाडूंची पत्रे आली आणि गिल्डमधले काही जण अंत्यसंस्काराला पोहोचले. हालचालीवर मर्यादा असलेल्या रुग्णासाठी गिल्ड हाच मित्रपरिवार असू शकतो. तो तोडण्याआधी दहादा विचार करा.

शरीराचे काय?

सर्वांत मोठे नुकसान झोपेचे होते. मनगट, मान आणि डोळे त्यानंतर. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब पाहणे आणि तासातून एकदा उठून चालणे पुरेसे आहे. रात्रीच्या रेडसाठी एनर्जी ड्रिंक घेतले जाते. २५० मिली कॅनमध्ये सुमारे ७५ मिलिग्रॅम कॅफीन असते आणि त्यातले निम्मे पाच-सहा तासांनीही रक्तात उरते. लहान मुलांनी ही पेये घेऊ नयेत. फार वेळ न हलता बसल्यावर एकाच पोटरीला सूज व दुखणे, किंवा अचानक धाप लागणे व छातीत दुखणे ही लक्षणे दिसली, तर लगेच रुग्णालयात जा. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते.

घरी काय करावे?

रेड चालू असताना प्लग ओढू नका. वर्षभर घडवलेले पात्र किंवा खाते रागाच्या भरात डिलीट तर मुळीच करू नका. त्यातून विश्वास जातो आणि भांडण वाढते. त्याऐवजी एकदा शेजारी बसून गेम पाहा, रेडचे दिवस आणि वेळ लिहून घ्या, आणि बोलणी त्यावर करा: आठवड्यात दोन रेड चालतील, पण बाराच्या आत संपणारे गिल्ड शोध. मोठ्या मुलाशी हा करारच असतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र वेळ पालकांनीच ठरवावी आणि मोबाइल रात्री बाहेरच्या खोलीत ठेवावा.

डॉक्टरांकडे कधी?

शाळा-कॉलेज किंवा नोकरी सुटू लागली, कमी करण्याचे प्रयत्न फसत राहिले, पैशांची लपवाछपवी झाली, अडवल्यावर मारहाण किंवा तोडफोड झाली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. "मला जगायचे नाही" असे मूल रागात म्हणाले, तरी ती नुसती धमकी समजू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी खास क्लिनिक आहे.

उपचारात मुख्यतः समुपदेशन, विचार आणि सवयी बदलणारी सीबीटी ही पद्धत आणि कुटुंबासोबतच्या बैठका असतात. गेमिंग डिसऑर्डरसाठी वेगळी मान्यताप्राप्त गोळी नाही. सोबत नैराश्य किंवा एडीएचडी असेल तर त्याची औषधे दिली जातात. गेम कायमचा बंद करावा लागतोच असे नाही. पहिल्या भेटीला येताना दोन आठवड्यांच्या झोपेच्या आणि खेळाच्या वेळा लिहून आणा, आणि शक्यतो ती नोंद मुलालाच ठेवू द्या.