लिंबाची ख्याती आणि कोलेस्टेरॉलची गोळी

तुम्ही डहाणूत राहा वा तलासरीत, 'रोज लिंबूपाणी घ्या, कोलेस्टेरॉलची गोळी सुटेल' हा सल्ला तुम्हालाही कोणीतरी दिला असेल. लिंबाचं नाव झालं ते मात्र वेगळ्याच आजारामुळे. 1747 मध्ये जहाजावरचे डॉक्टर जेम्स लिंड यांनी स्कर्व्ही झालेल्या 12 खलाशांवर सहा उपाय करून पाहिले. रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालेले दोघे सर्वांत लवकर बरे झाले. ते काम क जीवनसत्त्वाचं.

कोलेस्टेरॉलसाठी रसाची परीक्षा फार उशिरा झाली. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका छोट्या अभ्यासात 25 जणांना संत्र्याचा रस वाढवत नेत शेवटचे चार आठवडे रोज 750 मिली दिला. चांगलं एचडीएल 21 टक्के वाढलं. पण ट्रायग्लिसराइडही 30 टक्के वाढलं! मधुमेह्याने रोज एवढी साखर प्यायची का? त्यापेक्षा फोडी खा; चोथ्यातलं पेक्टिन रस गाळताना बरंचसं निघून जातं.

परसात पपनस असेल तर विशेष जपा. त्याच्या जवळच्या नात्यातल्या ग्रेपफ्रूटचा रस सिम्व्हास्टॅटिन, अटोर्व्हास्टॅटिन या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतो, त्याने स्नायूंना इजा होऊ शकते. पपनसही तसंच वागू शकतं. गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि लिंबूपाण्याच्या भरवशावर ती बंद करू नका.