एक टक्क्याचा हिशेब

कादंबरीकारांना क्षयरोग फार वर्षे सोयीचा पडला. नायिकेला मारायचे तर आहे, पण तिचे रूप बिघडू द्यायचे नाही, अशा अडचणीत हा रोग नेमका मदतीला येई. पांढऱ्या रुमालावर रक्ताचा एक ठिपका दाखवला की उरलेले काम वाचकांचे अश्रू करीत. प्रत्यक्षात त्यात काव्य काहीच नव्हते. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी १८८७ साली पुण्यात याच रोगाने गेल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्याआधी पाचच वर्षे, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला होता. शत्रूचे तोंड दिसले. पण त्याच्यावर उगारायला हातात काही नव्हते.

ते शस्त्र मिळायला साठ वर्षे लागली. अमेरिकेतील रटगर्स येथे सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याला १९४३ साली मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. इंग्लंडच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ते १०७ रोग्यांवर पारखून पाहिले. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी पाहिले तर औषधवाल्यांतले ४ दगावले होते, बिनऔषधवाल्यांतले १४. १९४८ साली हे आकडे छापून आले तेव्हा किती घरांत आशेचा दिवा लागला असेल!

पण पाच वर्षांनी पुन्हा मोजदाद झाली, तेव्हा पहिल्या गटातले ३२ आणि दुसऱ्या गटातले ३५ जण मरण पावलेले होते. दिवा विझत आला होता. प्रारंभी सुधारलेल्या रोग्यांच्या थुंकीत पुन्हा जंतू दिसू लागले होते, आणि ते स्ट्रेप्टोमायसिनला जुमानीत नव्हते.

हे कसे घडते? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. मला समजले तसे सांगतो. औषध जंतूंना काही शिकवीत नाही. कोट्यवधी जंतूंत मुळातच एखादा असा निपजतो की ज्याला ते औषध बाधत नाही. दहा लाखांत एक, असे ढोबळ प्रमाण धरा. शेतातले सगळे पीक कापून तण तेवढे राखावे, तसे औषध इतरांना मारते आणि त्या एकट्याला रान मोकळे करून देते. मग उपाय काय? दोन औषधे एकदम द्यायची. दोन्हींना पुरून उरणारा जंतू दहा लाख गुणिले दहा लाख, म्हणजे एक लाख कोटींत एखादा. स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला पास हे औषध दिले की पहिल्याची धार टिकते, हे इंग्लंडमध्येच १९५० साली सिद्ध झाले. १९५२ साली आयसोनियाझिड आले आणि जोडीचे त्रिकूट झाले.

परंतु समोरच्या रोग्याच्या छातीतले जंतू कोणत्या औषधाला दाद देतात, हे डॉक्टरांनी ओळखायचे कसे? इथून प्रयोगशाळेची खरी गोष्ट सुरू होते, आणि ती थोडी स्वयंपाकघरासारखी आहे. क्षयाच्या जंतूला खाणे लागते कोंबडीच्या अंड्यांचे. फेटलेल्या अंड्यांत ग्लिसरीन, काही क्षार आणि मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रंग मिसळतात, बाटल्या तिरप्या ठेवून सुमारे ८० ते ८५ अंशांवर ते घट्ट करतात. हे लोवेनस्टाइन-येन्सन यांचे माध्यम. रोग्याच्या थुंकीत कॉस्टिक सोडा घातला की इतर जंतू बहुतेक मरतात. मेणासारख्या कवचामुळे हा मात्र तगतो. त्याला त्या हिरव्या उतारावर पेरून ३७ अंशांच्या उबेत ठेवायचे, आणि मग वाट पाहायची. साधा आतड्यातला जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. या महाशयांना त्यासाठी वीस-एक तास लागतात. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे त्यांचे खडबडीत पुंजके डोळ्यांना दिसायलाच तीन ते आठ आठवडे जातात. त्यानंतर औषध मिसळलेल्या बाटल्यांत दुसरी पेरणी, आणि पुन्हा तितकीच प्रतीक्षा.

पुंजका उगवला म्हणजे जंतू औषधाला पुरून उरला, असे वाटणे साहजिक आहे. पण औषध किती घालायचे? माध्यम तापवताना औषधाचा काही जोर जातो. आज केलेल्या बाटल्या आणि पुढच्या महिन्यातल्या बाटल्या सारख्या निघत नाहीत. एकाच रोग्याचे जंतू एका शहरात नापास आणि दुसऱ्यात पास व्हायचे! लंडनच्या डेनिस मिचिसन यांनी त्यावर सराफाची युक्ती वापरली. सोने कसाला लावताना जवळ एक माहितीचा नमुना ठेवतात ना, तसे. एच-३७-आरव्ही नावाचा, १९०५ साली एका रोग्यापासून मिळालेल्या जंतूंचा वंश शेजारी वाढवायचा, आणि त्याला रोखायला लागते त्याच्या किती पट औषध नव्या जंतूला लागते ते पाहायचे. दुपटीपर्यंत असेल तर औषध चालेल; आठपट वा अधिक असेल तर आशा सोडावी.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील जॉर्ज कानेती यांनी प्रश्नच निराळा विचारला. औषधाला न जुमानणारे जंतू आहेत का, हे विचारण्यात अर्थ नाही, थोडे असायचेच. विचारायचे ते एवढेच, की शंभरात किती? जंतूंचे पाणी दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करून साध्या आणि औषधी अशा दोन्ही बाटल्यांत पेरायचे आणि पुंजके मोजायचे. साध्या बाटलीत दोनशे आणि औषधी बाटलीत दोन, म्हणजे एक टक्का. आयसोनियाझिडसारख्या औषधाला हीच लक्ष्मणरेषा. आमच्या शाळेत पस्तीस टक्क्यांना मुलगा पास होतो. इथे शंभरांतला एक जंतू हुकला की औषध नापास. कठोर वाटते, पण उरलेले नव्व्याण्णव मेल्यावर रोग्याच्या वाट्याला तो एकच येणार असतो. या पद्धती एकत्र तोलून मांडणारा लेख जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत १९६३ साली आला.

एक योगायोग मला हलवून गेला. मिचिसन यांची आई नेओमी कादंबरीकार होती. जॉर्ज कानेती यांचे थोरले बंधू एलियास यांना १९८१ साली साहित्याचे नोबेल मिळाले, आणि जॉर्ज स्वतः क्षयाने आजारले होते. ज्या रोगावर कादंबऱ्यांनी अश्रू ढाळले, त्याचे जंतू मोजायला लेखकांच्याच घरची माणसे बसली.

पुढे वाट पाहणेही आखडले. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या जंतूंच्या एका जनुकात बदल असतो, हे १९९३ साली उमगले. तो बदल सुमारे दोन तासांत हुडकणाऱ्या यंत्राला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली मान्यता दिली. गोव्यात तयार झालेल्या ट्रूनॅट चाचणीला २०२० साली. तरी यंत्राला माहीत असलेले बदलच दिसतात. जंतू वाढवून पाहण्याचे काम अजून संपलेले नाही. २०१२ च्या प्रारंभी मुंबईतल्या काही रोग्यांचे जंतू तपासलेल्या एकाही औषधाला दाद देत नाहीत, या वृत्ताने जग हादरले. त्या वेळी तज्ज्ञांनी बजावले, की यांतल्या काही औषधांच्या चाचण्याच पुरेशा भरवशाच्या नाहीत. तेव्हा 'सर्व औषधे संपली' हा निकाल घाईने देऊ नये.

मला या इतिहासात हेच मोलाचे वाटते. त्या हिरव्या बाटल्यांवर दोन-दोन महिने नजर लावून बसलेल्या माणसांनी आपल्याला किती कळते, हेही मोजून सांगितले. आणि ते उत्तर येईपर्यंत कुठेतरी एका घरात एक रोगी खोकत असे, आणि त्याची मुले त्याच खोलीत निजत असत. दोन महिन्यांचे दोन तास झाले, याचा अर्थ त्या खोलीला विचारावा.