सुंदरनगरीची जनसुनवाई

महापालिकेच्या कामांचा आणि खर्चाचा हिशेब ज्या वस्तीसाठी काम झाले तिथल्याच रहिवाशांनी जाहीरपणे तपासण्याचा दिल्लीतला गाजलेला प्रसंग. १४ डिसेंबर २००२ रोजी सुंदरनगरी या ईशान्य दिल्लीतल्या वस्तीत तो घडला. शेजारची सीमापुरी नावाप्रमाणेच उत्तर प्रदेशच्या हद्दीला लागून आहे. पाणी, गटारे आणि गल्ल्यांसाठी दोन्हीकडच्या कष्टकरी लोकांची सगळी भिस्त महापालिकेवर.

‘जनसुनवाई’ हा हिंदी शब्द मराठीत ‘जनसुनावणी’ असाही लिहितात. मात्र मराठीत सुनावणी म्हटली की समोर न्यायाधीश असतो, तारीख असते, निकाल असतो. इथे यांपैकी काहीच नसते. असते ते वाचन. आपल्याकडे सातबाऱ्याचे चावडीवाचन होते, तलाठी नोंद मोठ्याने वाचतो आणि ज्याचे शेत तो जागीच हरकत घेतो. जनसुनवाईची जात तीच. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराणा गावी पहिली जनसुनवाई भरवली. तिथे हजेरीपट आणि बिले गावासमोर वाचली गेली. पुढे ही रीत दिल्लीत आली ती ‘परिवर्तन’ या गटामार्फत. भारतीय महसूल सेवेतले अधिकारी अरविंद केजरीवाल यांनी सुरू केलेला हा गट आधी आयकर खात्यात आणि वीज मंडळाकडे अडलेली लोकांची कामे लाच न देता करून देत असे. असा एकेकाचा खोळंबा सोडवून व्यवस्था बदलत नाही, हे ध्यानात आल्यावर गटाने मोर्चा हिशेबाकडे वळवला.

हत्यार हाताशी होते. दिल्लीचा माहिती अधिकार कायदा २००१ मध्येच लागू झाला होता. महाराष्ट्राचा गाजलेला कायदा २००२ चा आणि देशाचा २००५ चा. परिवर्तनने सुंदरनगरी व नवी सीमापुरी इथल्या दोन वर्षांतल्या ६८ कामांच्या ठेक्यांची कागदपत्रे मिळवली.

कागद मिळणे हा त्यातला सोपा भाग म्हणावा लागेल. ठेक्याची कागदपत्रे म्हणजे अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, बिल. मोजमाप पुस्तिकेत अभियंता लांबी, रुंदी, जाडी लिहितो आणि त्याच आकड्यांवर ठेकेदाराचे पैसे निघतात. ही भाषा मुद्दाम अवघड केलेली नसेलही, पण राहणाऱ्याला ती कळत नाही एवढे खरे. कार्यकर्त्यांनी ती गल्लीच्या भाषेत उतरवली. ब्लॉकवार सभा घेतल्या. तुमच्या या गल्लीत अमुक लांबीचे गटार बांधले असे लिहिले आहे, नाक्यावर जाळ्या बसवल्या असे लिहिले आहे; बघा बरे, आहेत का? लोक कागद घेऊन गल्लीतून फिरले. रोज त्याच गटारावरून उडी मारून जाणाऱ्या बाईला जाळी आहे की नाही हे सांगायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. सरकारी लेखापरीक्षक व्हाउचर व्हाउचरशी ताडून पाहतो, इथे ते जमिनीशी ताडले गेले. माझ्या मते सुंदरनगरीचे खरे महत्त्व यातच आहे.

जाहीर सभेत ६४ कामांचे वाचन झाले. किंमत सुमारे १.३ कोटी रुपये. त्यांतली सुमारे ७० लाखांची कामे वा वस्तू जागेवर नव्हत्याच. नाल्यांवरच्या २५३ लोखंडी जाळ्यांचे पैसे दिलेले, सापडल्या ३०. विजेच्या मोटारी २९ लिहिलेल्या, सापडल्या १४. सत्तर लाख हा आकडा ऐकून माणूस फार तर मान हलवतो. ‘तुझ्या दारासमोरची जाळी कागदावर आहे’ म्हटले की मात्र तो उठून उभा राहतो.

पुढच्या काळात परिवर्तनने हीच पद्धत रेशन दुकानांना लावली. दुकानदारांचे हितसंबंध दुखावले आणि कार्यकर्त्यांवर हल्लेही झाले. २००५ मध्ये दिल्ली जल बोर्डाच्या जागतिक बँक-पुरस्कृत योजनेची कागदपत्रे बाहेर आली. सल्लागार कंपनी निवडताना बँकेने केलेला हस्तक्षेप त्यांतून उघड झाला, गदारोळ माजला आणि दिल्ली सरकारने कर्जाचा प्रस्ताव मागे घेतला. केजरीवाल यांना २००६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचे पुढचे राजकारण हा या नोंदीचा विषय नव्हे.

याच सुमारास शीला दीक्षित सरकारची ‘भागीदारी’ योजनाही चालू होती. तिच्यात रहिवासी संघटना अधिकाऱ्यांसोबत बैठकीला बसत. पण रहिवासी संघटना असते ती बहुधा नियमित वसाहतीत. झोपडपट्टीला बैठकीचे निमंत्रण सहसा येत नसे. भागीदारीत सूचना करता येत, हिशेबाची वही मागता येत नसे. दोन्हींना ‘लोकसहभाग’ हे एकच नाव देणे दिशाभूल करणारे आहे.

जनसुनवाईच्या मर्यादाही उघड आहेत. तिला दंड करता येत नाही, वसुली करता येत नाही, आणि कागद मागणारा गट पांगला की वाचनही थांबते. २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क दिला. म्हणजे नव्या रस्त्याचे डांबर पिशवीत सीलबंद करून मागता येते. रोजगार हमीच्या कायद्याने त्याच वर्षी ग्रामसभेकडे सामाजिक अंकेक्षण सोपवले. मेघालयाने २०१७ मध्ये सामाजिक अंकेक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. दिल्लीची महापालिका मधल्या काळात, २०१२ मध्ये, तीन तुकड्यांत विभागली गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा एक झाली. आता तिचे २५० प्रभाग आहेत. प्रभागातल्या कामांची मोजमाप पुस्तिका आजही अर्ज केल्यावरच बघायला मिळते.