एकाच गावाची पुनःपुन्हा पाहणी

मद्रास विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक गिल्बर्ट स्लेटर यांनी १९१६ साली विद्यार्थ्यांना आपापल्या खेड्यांतील जमीन, मजुरी व कर्ज यांची टिपणे करावयास लावले. त्याच सुमारास पुण्याजवळ पिंपळे सौदागर येथे डॉ. हॅरल्ड मान असेच काम करीत होते. पुढे १९३०–४० च्या दशकात थॉमस व रामकृष्णन यांनी स्लेटर यांची गावे पुन्हा पाहिली. परंतु प्रत्येक पिढीत असा अभ्यासक निपजेलच, हा भरवसा कोणी द्यावा?

युनेस्कोतून निवृत्त झालेल्या माल्कम आदिशेषय्या यांनी १९७१ साली मद्रासच्या अड्यार भागात विकास अध्ययन संस्था स्थापन केली. धनंजयराव गाडगीळ ज्या सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे पहिले अध्यक्ष होते, तिच्या आश्रयाने १९७७ साली ही संस्था राष्ट्रीय झाली. तेथील एस. गुहन हे पूर्वी सरकारी अधिकारी होते. त्यांनी जोआन मेंचर यांच्यासह स्लेटर यांच्याच यादीतील इरुवेलपट्टू गाव नव्याने अभ्यासून १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले.

सरकारच्या योजना बदलत असतात. त्यांतून शेतमजुराच्या घरी काय पोचले, हे मागची नोंद जपणाऱ्यालाच सांगता येते. आणि ते जपणे एका माणसाच्या आयुष्यात मावणारे नाही.