फॅमिन कमिशनला वाटलेली भीती

1880 साली सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या फॅमिन कमिशनने आपला अहवाल दिला. दख्खन आणि मद्रास इलाख्याला पोखरून काढणारा 1876 ते 78चा दुष्काळ नुकताच सरला होता. ब्रिटिश मुलखात 50 लाखांहून जास्त माणसं दगावल्याचं कमिशननेच मान्य केलं होतं. एवढे मृत्यू समोर असताना या अहवालात एक विलक्षण इशारा आहे. त्याचा आशय असा, की दुष्काळात गरिबाला मदत मागण्याचा हक्क असतो हे एकदा कबूल केलं, की उद्या तो दुष्काळ नसतानाही तोच हक्क सांगू लागेल. मग बारमाही गरीबपोषणाचा पायाच घातला जाईल, आणि त्या कल्पनेने कमिशन गंभीरपणे धास्तावलं होतं.

नव्व्याण्णव वर्षांनी, 26 जानेवारी 1979 रोजी, ही धास्ती महाराष्ट्रात कायदा बनून अमलात आली. ग्रामीण भागातल्या कोणाही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागावं, सरकारने ते पंधरा दिवसांत द्यावं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यावा. दुष्काळ जाहीर होण्याची अट नाही. पाऊस चांगला झाला असला तरी चालेल.

भीती ते कायदा या प्रवासात एक गोष्ट मात्र जागची हलली नाही. मदत हवी ना, मग आधी खडी फोड. या अटीचं कूळ शोधायला दख्खन सोडून इंग्लंडात जावं लागतं.

तिथे 1601पासून गरिबांचा सांभाळ करण्याची जबाबदारी गावच्या पॅरिशवर होती. 1834 साली ती व्यवस्था मोडून नवा कायदा आला. नॅसॉ सीनियर आणि एडविन चॅडविक यांनी त्यामागचं तत्त्व बेधडक मांडलं होतं: मदतीवर जगणाऱ्याची अवस्था सर्वांत हलाखीच्या कष्टकऱ्यापेक्षाही वाईट असली पाहिजे. म्हणून वर्कहाऊस उभी राहिली. नवरा एका दालनात, बायको दुसऱ्यात, मुलं तिसरीकडे. पुरुषांना दगड फोडायला लावत. त्या दगडांची गरज होती म्हणून नव्हे. जो इतका अपमान सोसून आत येतो तो खरोखरच नाडलेला असणार, एवढी खात्री त्यातून पटायची. गरज तपासायला कारकून नेमण्यापेक्षा हे स्वस्त पडायचं.

या मदतीची आणखी एक किंमत होती. ती घेणारा इंग्लंडमध्ये मताचा हक्क गमावून बसे, आणि हा नियम 1918पर्यंत टिकला. समाजशास्त्रज्ञ टी. एच. मार्शल यांनी 1949 साली केंब्रिजमधल्या व्याख्यानांत यावर नेमकं बोट ठेवलं. 1834चा गरीब कायदा मदतीला नागरिकत्वाचा भाग मानत नव्हता, तिला नागरिकत्वाचा पर्याय मानत होता. पोट भरायचं असेल तर नागरिकपण दारात उतरवून ठेवा. मार्शल हे सांगत होते त्याच वर्षी दिल्लीत आपली संविधान सभा प्रत्येक प्रौढाला मत देणारी राज्यघटना पुरी करत होती. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नव्हतं.

इंग्लंडची ही दगडाची कसोटी आधी आयर्लंडमध्ये गेली. बटाट्याचं पीक बुडाल्यावर तिथे सरकारी कामं निघाली आणि 1847च्या वसंतापर्यंत त्यांवर सात लाखांच्या आसपास माणसं राबत होती. कुठेच न पोचणारे रस्ते त्यांतून झाले. त्या कारभाराची सूत्रं ज्यांच्या हाती होती ते चार्ल्स ट्रेव्हेल्यन आधी कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात होते आणि पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले. साम्राज्यात कल्पना अशाच फिरत. अधिकाऱ्याची बदली झाली की त्याच्या सामानासोबत धोरणही बोटीवर चढायचं.

आपल्याकडची गोष्ट सर रिचर्ड टेंपल यांच्यापासून सांगावी लागते, आणि त्यांच्याबद्दल थोडी दया येते. 1873-74 साली बिहारमध्ये त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणून सढळ हाताने वाटला, माणसं वाचवली, आणि उधळेपणाबद्दल लंडनची बोलणी खाल्ली. ती त्यांच्या इतकी जिव्हारी लागली असावी की 1877 साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दख्खनच्या दुष्काळावर पाठवताच हा माणूस पार बदलला. पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर चिल्लर, अशी मजुरी त्यांनी ठरवली. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि तेवढ्यावर दिवसभर माती उपसायची. शिवाय काम गावाजवळ द्यायचं नाही. दहा मैलांपलीकडच्या छावणीत जो जाईल तोच खरा गरजू. दगडाच्या कसोटीला आता अंतराची कसोटी जोडली गेली.

मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी यावर जे केलं ते आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवं होतं. त्यांनी काम सोडलं. उपाशी माणसांचा संप! हजारो लोक दूरच्या छावण्यांत जायला आणि कापलेली मजुरी घ्यायला नकार देऊन घरी परतले. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी लावून धरली. 1870 साली स्थापन झालेली ही सभा शिकलेल्या, बऱ्यापैकी खात्यापित्या मंडळींची होती. मजुरीचा दर ही सरकारची मेहेरबानी नसून वाद घालण्याची बाब आहे, हे या प्रांतात इतक्या जाहीरपणे पहिल्यांदा बहुधा तेव्हाच बोललं गेलं.

स्ट्रॅची कमिशनने टेंपल यांचा कडेलोटी कंजूषपणा पुरता उचलला नाही. 1883मध्ये नमुन्याचं फॅमिन कोड तयार झालं आणि प्रांतोप्रांती त्यावरून आपापली कोडं निघाली. त्यातली सर्वांत चतुर तरतूद ‘टेस्ट वर्क’ची. पाऊस लांबला की कलेक्टरने आधी थोडं काम काढून बघायचं, मजुरी अशी ठेवायची की गरज नसलेला फिरकणार नाही. गर्दी झाली तर दुष्काळ आहे, नाही झाली तर नाही. म्हणजे माणसांची भूक मोजायला माणसंच मापट्यासारखी वापरायची. पण कोड छापलं गेलं, आणि छापलेला नियम दुसरं कुणीही वाचू शकतं. 1896-97च्या दुष्काळात टिळकांनी तेच केलं. कोडातल्या तरतुदी ‘केसरी’तून मराठीत समजावून सांगितल्या, सभेचे कार्यकर्ते गावोगाव पाठवले, सरकारच्याच नियमानुसार तुम्हाला काय मिळायला हवं ते मागा, असं शेतकऱ्यांना सांगितलं. सरकारने 1897मध्ये सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. स्ट्रॅची यांना ज्याची धास्ती होती ते सतरा वर्षांतच सुरू झालं होतं.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेत कलम 41 आलं. काम मिळण्याचा, आणि बेकारी, म्हातारपण, आजारपणात सार्वजनिक मदत मिळण्याचा हक्क; मात्र राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, आणि कोर्टात न मागता येणारा. 25 नोव्हेंबर 1949च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी जी विसंगती दाखवली, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ती या एका कलमात पुरेपूर भरलेली आहे. मत कोर्टातून मिळवता येतं, काम मिळवता येत नाही.

ही फट बुजवण्याचा पहिला गंभीर प्रयत्न तासगाव तालुक्यातल्या विसापूरला झाला. वि. स. पागे स्वातंत्र्यसैनिक, 1960 ते 78 विधान परिषदेचे सभापती. 1965 साली त्यांनी आपल्या भागात प्रयोग केला: मागेल त्याला काम, आणि ते काम गावाच्या जमिनीला, पाण्याला उपयोगी पडणारं. सभापतीची खुर्ची म्हणजे वाद ऐकून घेण्याची जागा. तिथे बसून पागे यांनी एकच कल्पना वर्षानुवर्षं सर्व पक्षांच्या कानी घातली. 1972 साली वसंतराव नाईक सरकारने ती राज्यभर जाहीर केली, आणि लगेच बहात्तरचा दुष्काळ येऊन थडकला.

बहात्तर ज्यांनी पाहिलं त्यांच्या घरांत अजून मिलो आणि सुकडी हे शब्द जिवंत आहेत. अमेरिकेहून आलेली ती लालसर मिलो ज्वारी कशीबशी घशाखाली उतरायची. मे 1973मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. रीत जुनी फॅमिन कोडाचीच. पण कामावरच्या प्रत्येकाला आता मत होतं. मोर्चे निघत होते, आमदारांना घेराव पडत होते, शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली होती, मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर लाटणी घेऊन बायकांना रस्त्यावर आणत होत्या. त्या दुष्काळाची तीव्रता पाहता भूकबळींचं प्रमाण फारच कमी राहिलं, असं ज्यां द्रेझ यांच्यासारख्या अभ्यासकांनी नोंदवलं आहे. त्याचं श्रेय खडीला जितकं, तितकंच या आरडाओरड्याला द्यावं लागेल.

दुष्काळ सरल्यावर खरी परीक्षा होती. कामं बंद करून सगळ्यांना घरी पाठवणं सोपं होतं. महाराष्ट्राने त्याऐवजी पैसा उभा केला. 1975मध्ये व्यवसाय कर आला, सोबत विक्रीकर, मोटारवाहन कर, बागायती जमीन यांवर अधिभार; त्यांतून जमा होईल तितकीच रक्कम सरकारने स्वतःची घालायची. पगारपत्रकात आजही दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात तो हाच कर. मुंबईतला बँकेचा कारकून आष्टीच्या नाहीतर जतच्या मजुराला मजुरी देत होता, बहुतेक वेळा त्याला ठाऊक नसताना. शहराने खेड्याचं देणं लागणं इतक्या उघडपणे कायद्यात उतरल्याची उदाहरणं आपल्याकडे थोडी आहेत. समतेवर कितीतरी परिसंवाद झडले. मला स्वतःला ही पगारपत्रकातली ओळ त्यांतल्या बऱ्याचशा भाषणांपेक्षा मोलाची वाटते. शहरी मंडळींनी ती फार मनावर घेतली नाही, यात खेड्यांवरच्या प्रेमाचा भाग किती आणि मजूर गावातच राहिलेला बरा या विचाराचा किती, हे मात्र विचारायला हवं. बागायतदारांनाही पाझर तलावाखालच्या विहिरीचं पाणी दिसत होतंच.

1977 साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा मंजूर केला आणि तो अमलात आला तेव्हा शरद पवारांचं पुलोद सरकार होतं. कायद्याचा सर्वांत सुंदर भाग त्याच्या गैरहजेरीत आहे: उत्पन्नाचा दाखला नको, जातीचा नको, दारिद्र्यरेषेची यादी नको. पुढे 1998 साली जोनाथन वुल्फ या ब्रिटिश तत्त्वज्ञाने असा मुद्दा मांडला, की मदतीसाठी माणसाला आपलं अपयश स्वतःच्या तोंडाने शाबीत करायला लावणं हा समतेचाच भंग आहे. वर्षभराने एलिझाबेथ अँडरसन यांनीही त्याच अंगाने कल्याणकारी धोरणांची झडती घेतली. आमच्याकडची बाई तेव्हा वीस वर्षं नमुना 4 भरून काम मागत होती, आणि तिच्या घरात काय आहे नाही ते तिला कुणी विचारत नव्हतं. कामाच्या मापावर मजुरी असल्याने बाईला पुरुषाइतकाच दर होता, हेही शेतमजुरीच्या बाजारात नवल होतं.

दाखला नको याचं कारण मात्र 1834चंच आहे. उन्हात दगड फोडायला जो येतो त्याला आणखी काय विचारायचं? अर्थतज्ज्ञ याला योजनेची कार्यक्षमता म्हणतात. वर्कहाऊसच्या शिपायानेही तेच म्हटलं असतं. आणि ज्याच्या अंगात घण उचलायची ताकद नाही, त्याच्यासाठी 1980पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिच्यात उत्पन्नाचा दाखला आहे, वर्षाला 21 हजारांची मर्यादा आहे, तहसीलच्या फेऱ्या आहेत. धडधाकट माणसाला हक्क आणि दुबळ्याला चौकशी, ही उलटी विभागणी आपल्याला खटकतसुद्धा नाही.

हमीची पुढची कहाणी लवकर आटोपते. ‘रोजगार हमी, अर्धं तुम्ही अर्धं आम्ही’ ही म्हण महाराष्ट्राने आपणहून तयार केली. मस्टरवर मेलेली माणसं हजर असल्याच्या बातम्या नेहमीच्या झाल्या. 1988मध्ये मजुरी किमान वेतनाच्या पातळीला आणल्याने ती एकदम दुपटीच्या घरात गेली, आणि त्यानंतर कामावरची हजेरी घसरली. रॅव्हेलियन, दत्त आणि चौधरी यांनी 1993 साली या घसरणीवर निबंध लिहिला आणि महाराष्ट्राची हमी खरंच हमी देते का, हा प्रश्न त्याच्या शीर्षकातच टाकला. मागणी असूनही कामं काढणं आखडतं घेतलं गेलं, अशी त्यांची मांडणी होती. किमान पन्नास मजूर जमल्याशिवाय काम निघायचं नाही, आणि मागणीची पोच मिळेलच असं नव्हतं. पोच नाही म्हणजे पंधरा दिवस कधी सुरू झाले याला पुरावा नाही. 1990पासून योजना फळबागांना जोडली गेली. डोंगर हिरवे झाले, पण त्यासाठी आधी जमीन लागते.

2005 साली देशाने हा कायदा उचलला आणि 2 फेब्रुवारी 2006 रोजी 200 जिल्ह्यांत अंमल सुरू झाला. महाराष्ट्राची हमी प्रत्येक माणसाला, कितीही दिवसांची होती. देशाची कुटुंबाला, वर्षाला 100 दिवसांची. नागरिकाच्या जागी कुटुंब आलं की आतली सून कितव्या नंबरावर, ते घरातला कर्ता ठरवतो. 2023पासून हजेरी मोबाइल ॲपवर, कामावरचे फोटो दिवसातून दोनदा काढून लावायचं बंधन आलं. रेंज नसली तर हजेरी नाही आणि हजेरी नसली तर मजुरी नाही. टेंपल यांना दहा मैलांची पायपीट लावावी लागली होती, ती आता टॉवर लावतो.

कायद्यातली एक तरतूद तेवढी या सगळ्यातून अस्पर्शित राहिली. पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता, मूळ महाराष्ट्राच्या कायद्यात किमान रोज एक रुपया. तो दिला म्हणजे सरकारने आपण हक्क मोडल्याचं लिहून देणं, आणि काम न करता पैसे मिळण्याची अख्ख्या साखळीतली ही एकमेव जागा. हा भत्ता हातात पडलेली माणसं फारच विरळा सापडतात.