बक्षीस कुणाला लागलं? : पोस्टकार्ड ते वॉच पार्टी

‘आज रात्री आठ वाजता वॉच पार्टी! पेज फॉलो करा, तीन मित्रांना टॅग करा, पाच जणांना टी-शर्ट फ्री!’ असा मेसेज तुमच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेला असेल. कधी एखाद्या हिरोच्या फॅन क्लबचा, कधी क्रिकेटवाल्यांचा, कधी एखाद्या वेबसिरीजच्या चाहत्यांचा. सगळ्यांनी आपापल्या घरी बसून एकाच वेळी एकच गोष्ट बघायची, शेजारच्या चॅटमध्ये दंगा करायचा आणि शेवटी बक्षीस कुणाला लागलं ते ऐकायचं.

नाव नवं असलं तरी प्रकार जुना आहे. लांब लांब बसलेल्या हजारो लोकांनी एकाच वेळी एक कार्यक्रम ऐकायचा आणि त्यातून कुणाला तरी बक्षीस मिळायचं, हे आपल्याकडे सत्तर वर्षांपासून चालू आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे या सगळ्याकडे बघताना मला एकच प्रश्न पडतो. बक्षीस देणाऱ्याला त्या बदल्यात नेमकं काय मिळत होतं?

शंभर रुपयांसाठी नऊ हजार पत्रं

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीताचं प्रेम होतं आणि सिनेमातल्या गाण्यांची नावड. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. लोकांनी मग रेडिओचा काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. महायुद्धाच्या काळातले तिथले शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर भारतभर ऐकू येत होते.

३ डिसेंबर १९५२ च्या बुधवारी तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी तेव्हा विशीतही पोहोचले नव्हते. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा आणि कोलंबोहून प्रसारित व्हायचा. सुरुवातीला ती क्रमवारी नव्हती, स्पर्धा होती. सात गाणी उलटसुलट क्रमानं वाजवायची, श्रोत्यांनी ती लोकप्रियतेच्या क्रमानं लावून पत्र टाकायचं. बक्षीस १०० रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रं आली. बघता बघता आकडा आठवड्याला ६० हजारांच्या पुढे गेला. एवढी पत्रं तपासणार कोण? शेवटी स्पर्धा बंद करून गाण्यांची क्रमवारी सुरू झाली, आणि तीच पुढे कित्येक वर्षं चालली. इकडे आकाशवाणीलाही १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

आता हे जाहिरातदाराच्या बाजूनं बघा. टूथपेस्ट विकणारी कंपनी रेडिओवर पैसे ओततेय, पण रेडिओ एकतर्फी. कोलंबोहून निघालेला आवाज कुठे पोहोचला, हे कळायला मार्गच नाही. १०० रुपयांच्या बक्षिसानं तो मार्ग उघडला. प्रत्येक पत्रावर नाव होतं, गाव होतं. आज ज्याला आम्ही ‘युजर डेटा’ म्हणतो, तो तेव्हा टपालाच्या पोत्यांतून यायचा.

पण लोक फक्त १०० रुपयांसाठी लिहीत होते का? ६० हजार पत्रांत आपला नंबर लागण्याची शक्यता किती, हे त्यांनाही कळत होतंच. बिहारमधलं (आता झारखंडमधलं) झुमरी तलैया हे गाव निव्वळ फर्माइशींच्या पत्रांमुळे देशभर प्रसिद्ध झालं. फर्माइश पाठवली तर बक्षीस काहीच नव्हतं. मिळायचं ते एवढंच, की दूरवरचा एक आवाज तुमचं आणि तुमच्या गावाचं नाव घेईल.

बक्षिसाशिवायचा प्रयोग

याच काळात पुण्यात एक वेगळीच गोष्ट चालू होती. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं शेतकऱ्यांची श्रोता मंडळं चालवली. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावं निवडली गेली. प्रत्येक गावात वीसेक माणसं आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती बसायची. अर्धा तास शेतीचा, गावाचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची. एक जण टिपण लिहून प्रश्न केंद्राकडे पाठवायचा आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्याचं उत्तर मिळायचं.

यात ना कूपन होतं, ना सोडत. तरी लोक येत राहिले आणि प्रयोग यशस्वी ठरला. पुढे देशभर अशी मंडळं काढायचं ठरलं. आपल्या गावानं विचारलेला प्रश्न पुण्याच्या रेडिओवर ऐकू येणं, हेच इथलं बक्षीस होतं.

आमच्या वाशिमला हे नशीब लाभलं नाही. १९५६ च्या सुरुवातीला वाशिम अकोला जिल्ह्यात होतं आणि अकोला तेव्हाच्या मध्य प्रदेशात. पुण्याच्या प्रयोगाच्या नकाशात आम्ही नव्हतोच.

अक्कल की नशीब?

बक्षिसांचं पीक आलं की पाठोपाठ कायदा येतो. १९५० च्या आसपास वर्तमानपत्रांतल्या शब्दकोड्यांनी लोकांना वेड लावलं होतं. प्रवेश फी भरायची, कूपन कापून पाठवायचं आणि मोठ्या रकमेची वाट बघायची. बऱ्याच कोड्यांत एकाच जागी दोन-तीन शब्द सारखेच चपखल बसायचे. संपादकानं आधी ठरवून ठेवलेला शब्द तुमच्याशी जुळला, तर तुम्ही जिंकलात. याला भाषेचं ज्ञान म्हणायचं की मटका?

संसदेनं १९५५ मध्ये बक्षीस स्पर्धांचा कायदा केला. महिन्याला एकूण १,००० रुपयांहून जास्त बक्षिसं देणाऱ्या स्पर्धांवर बंदी आली आणि त्याखालच्या स्पर्धांना परवाना लागू झाला. चमारबागवाला नावाच्या आयोजकानं याला आव्हान दिलं. ९ एप्रिल १९५७ ला सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला, पण एक रेघही आखली. हा कायदा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांसाठी आहे. ज्या स्पर्धेत खरोखर कौशल्य लागतं, तिला तो लागू नाही.

ऑनलाइन खेळांच्या वादात ही रेघ पुढेही वर्षानुवर्षं ओढली गेली. वॉच पार्टीच्या यजमानालाही ती उपयोगी आहे. प्रवेशाला पैसे घेऊन चिठ्ठी काढली, की तुमची पार्टी लॉटरीकडे झुकते. प्रवेश फुकट असेल आणि उत्तर बघणाऱ्यालाच येत असेल, तर ती स्पर्धा राहते.

मुक्काम पोस्ट, जिल्हा अकोला

नव्वदच्या दशकातली मुलं ‘सुरभि’चं नाव निघालं की अजून हळवी होतात. सिद्धार्थ काक आणि आपल्या रेणुका शहाणे. रविवारी दूरदर्शनवर भारतभरच्या कला, देवळं, माणसं दाखवायची आणि शेवटी एक प्रश्न विचारायचा. बरोबर उत्तर देणाऱ्यांतून सोडत काढून सहलीसारखं बक्षीस. एका आठवड्यात १४ लाखांहून जास्त पत्रं आली आणि लिम्का बुकात नोंद झाली.

साधं पोस्टकार्ड तेव्हा १५ पैशांना होतं. ते टपाल खात्याला तोट्यातच जायचं. पत्रांचा हा पूर बघून खात्यानं स्पर्धांसाठी वेगळं पोस्टकार्ड काढलं, किंमत २ रुपये. म्हणजे नशीब आजमावायचा खर्च एका झटक्यात तेरापटीहून जास्त झाला. लोकांनी तरी लिहिणं सोडलं नाही.

त्या काळात रिसोडहून किंवा मंगरूळपीरहून गेलेल्या पत्रावर पत्त्याच्या शेवटी ‘जि. अकोला’ असायचं. वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी देशाच्या दृष्टीनं आमची खरी ओळख होती पिनकोड, वाशिमसाठी ४४४५०५. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानं, संस्कृतच्या पंडितानं, घडवलेली. सहा आकड्यांत तुमचं गाव सापडायचं. आज मोबाइलला लोकेशनची परवानगी देताना आपण विचारही करत नाही. पोस्टकार्डावर पत्ता मात्र आपण स्वतः, आपल्या हातानं लिहायचो.

पैठणी, एसएमएस आणि पंचवीस लाख

२००४ मध्ये झी मराठीवर ‘होम मिनिस्टर’ आलं आणि आदेश बांदेकर ‘भावोजी’ झाले. इथे बक्षीस घेऊन कार्यक्रमच घरी यायचा. पैठणी तर मोलाची होतीच, पण आयुष्यभर स्वयंपाकघरात राबलेल्या बाईला कॅमेऱ्यासमोर कुणीतरी विचारतंय की लग्न कसं जमलं, हे त्याहून मोठं होतं. गणेश मंडळांनी, मग स्थानिक पुढाऱ्यांनी त्याची नक्कल सुरू केली. ‘खेळ पैठणीचा’ अशी फ्लेक्स आमच्याकडे आजही लागतात, निवडणूक जवळ आली की जरा जास्तच.

त्याच सुमारास पोस्टकार्डाची जागा एसएमएसनं घेतली. २००५ मध्ये अभिजीत सावंत ‘इंडियन आयडॉल’ झाला तो लोकांच्या मतांवर. मत देणारा एसएमएस साध्या एसएमएसपेक्षा महाग होता. टपाल खात्याला २ रुपयांत जे सुचलं होतं, तेच मोबाइल कंपन्यांनाही सुचलं.

आणि मग आले ते व्हॉट्सअॅपवाले. ‘केबीसीची २५ लाखांची लॉटरी लागली, आधी प्रोसेसिंग फी भरा.’ पोलिसांनी कितीदा सावध केलं तरी हा मेसेज फिरतोच आहे. फसणारे लोक लोभी असतात, असं म्हणणं सोपं आहे. पण ज्या पिढीनं आयुष्यभर प्रामाणिकपणे पोस्टकार्डं टाकली आणि ज्यांचं नाव कधीच पुकारलं गेलं नाही, त्यांच्या फोनवर एक दिवस ‘तुमचा नंबर निवडला गेला आहे’ असं येतं. त्यांना ते खरं वाटावं, यात नवल काय?

कुणाचा फोन पुढे?

ऑनलाइन वॉच पार्टी घराघरांत पोहोचली ती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. ‘नेटफ्लिक्स पार्टी’ हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन तेव्हा जगभर चाललं. त्याच वर्षी त्याचं नाव ‘टेलिपार्टी’ झालं. त्याचं तंत्र साधं आहे. सिनेमा इकडून तिकडे पाठवला जात नाही. प्रत्येकाचं स्वतःचं सबस्क्रिप्शन, प्रत्येकाचा स्वतःचा सिनेमा. फक्त ‘चालू कर’, ‘थांब’, ‘इतक्या मिनिटांवर जा’ एवढेच निरोप सगळ्यांना जातात. एकानं सिनेमा चालवून स्क्रीन सगळ्यांना शेअर केली, तर तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. हा फरक यजमानानं लक्षात ठेवावा.

थेट सामन्याचं मात्र अवघड आहे. मोबाइलवर सामना छोट्या छोट्या तुकड्यांत उतरतो, आधी काही तुकडे साठवले जातात, मग दिसतात. म्हणून एकाचा फोन दुसऱ्याच्या मागे राहतो. कधी दोन सेकंद, कधी अर्धा मिनिट. २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल आम्ही गावाकडच्या शाळासोबत्यांनी अशीच पाहिली. कुणी पुण्यात, कुणी हैदराबादला, दोघं वाशिममध्येच. शेवटच्या षटकात १६ धावा हव्या होत्या. सूर्यकुमारनं सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला, तेव्हा वाशिमवाला घरच्या डिशवर बघत होता. तो ओरडला, ‘गेला बे, गेला!’ आणि आमच्या फोनवर हार्दिक अजून धावतच होता.

म्हणून अंदाजाचा प्रश्न आम्ही ठेवलाच नव्हता. ‘पुढच्या चेंडूवर काय होईल?’ असं विचारलं, तर ज्याचं नेट पुढे तो जिंकणार. आमचं बक्षीस होतं मानोऱ्याच्या शेतातली पाच किलो तूरडाळ, आणि प्रश्न होता: तुम्ही पहिला सामना कुणाच्या घरी पाहिला? सामना संपल्यावर प्रत्येकानं चार ओळी लिहायच्या, त्या सगळ्यांच्या नावानिशी मोठ्यानं वाचायच्या. एकानं किराणा दुकानासमोरची गर्दी लिहिली. एकानं लोडशेडिंगच्या रात्री ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवलेला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही लिहिला. त्यालाच डाळ मिळाली. पण वाचून झाल्यावर डाळीबद्दल कुणी बोलतच नव्हतं, जो तो त्या टीव्हीबद्दल विचारत होता.

आता मोजायला काय उरलं?

सयानींच्या कार्यक्रमाला, ‘सुरभि’ला बक्षीस लागत होतं, कारण समोर कोण आहे हे कळायला दुसरा उपाय नव्हता. आज उपाय आहे. तुम्ही कधी आलात, किती मिनिटं थांबलात, कुठे कंटाळलात, हे अॅपला न विचारता कळतं. मोजदादीसाठी बक्षिसाची गरज संपली. तरी ‘तीन जणांना टॅग करा, नंबर भरा’ चालूच आहे. कारण आता यजमानाला तुमच्यासोबत तुमची फोनबुकही हवी आहे.

म्हणून तुम्ही कधी वॉच पार्टी ठेवलीच, तर नंबर मागू नका. जिंकणाऱ्यालाच पत्ता विचारा, बाकीच्यांचा कशाला? बक्षीस छोटं ठेवा, बघणाऱ्यालाच उत्तर येईल असा प्रश्न ठेवा. आणि जे जे आले त्यांची नावं मोठ्यानं वाचा, गावासकट. मालेगाव म्हणालात तर नाशिकचं की वाशिमचं, तेही सांगा. नाहीतर आमच्याकडचा एखादा जण चॅटमध्ये तुम्हाला दुरुस्त करायला टपलेलाच असेल.